जुन्या जीपचे ब्रेक पेडल खोल का जाते, आणि ते वर कसे आणायचे

खासगी गाडीला १५ वर्षे पूर्ण झाली की तिच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. ते पाच वर्षांपुरते असते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारींसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले आणि दारातली जुनी जीप ठेवायची की मोडीत काढायची, हा प्रश्न बऱ्याच घरांत नव्याने निघाला. ज्यांनी ती ठेवायचे ठरवले, त्यांना तपासणीच्या आधी ब्रेककडे लक्ष द्यावेच लागते. तेव्हा ठरावीक तक्रारी ऐकू येतात: ब्रेक लागतो, पण पेडल अर्ध्याहून खाली जाते, गाडी थांबताना डावीकडे ओढते, एक चाक तापते आणि बाकीची गार राहतात. यावर बहुतेक वेळा लायनर (ब्रेकमधला घासणारा थर) किंवा मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) बदलण्याचा सल्ला मिळतो. काही गाड्यांत तो बरोबरही असतो. तरीही माझे मत असे आहे, की सुटे भाग विकत घेण्याआधी चारही चाकांच्या ब्रेकची जुळवणी तपासलीच पाहिजे, कारण यांपैकी अनेक तक्रारींचे मूळ झिजलेल्या किंवा फुटलेल्या भागात नसून ब्रेकच्या आतल्या, वाढलेल्या आणि असमान झालेल्या अंतरात असते.

येथे मी मुख्यतः चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या जीपविषयी लिहितो आहे. विलिस कंपनीच्या रचनेची ही गाडी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून महिंद्राने मुंबईत जोडायला सुरुवात केली. तिचे सीजे-३बी हे उंच बॉनेटचे रूप अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात बनले, पण आपल्याकडे त्यानंतरही दीर्घकाळ बनत राहिले. म्हणूनच सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, शेतावर, खाणीवर, वनखात्याच्या कामावर या घराण्यातल्या गाड्या आजही दिसतात. मारुती जिप्सीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक (फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅडनी दाबणारे) आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात, त्यामुळे जिप्सीच्या मालकाला यातला मागच्या चाकांचा भागच लागू पडेल.

ड्रमच्या आत काय असते

चाकाबरोबर फिरणारा बिडाचा पसरट डबा म्हणजे ड्रम. त्याच्या आत, न फिरणाऱ्या पत्र्याच्या तबकडीवर, म्हणजे बॅक प्लेटवर, चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू बसवलेले असतात. प्रत्येक शूच्या बाहेरच्या अंगाला घर्षण करणारा थर असतो, त्याला गॅरेजमध्ये लायनर म्हणतात. दोन्ही शूंची खालची टोके एकेका पिनेवर खिळलेली असतात. वरच्या टोकांच्या मध्ये व्हील सिलिंडर असतो आणि त्यात दोन छोटे पिस्टन पाठीला पाठ लावून बसलेले असतात. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल नळ्यांतून येते, पिस्टन बाहेर सरकतात, शू पसरतात आणि लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतो. पाय काढला की स्प्रिंग शूंना परत आत ओढतात.

स्प्रिंग शूंना किती आत ओढतात, हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. शू ड्रमला चिकटूनच राहिला तर चाक अडकेल, आणि फार आत गेला तर प्रत्येक वेळी पेडलला आधी ती मोकळी जागा भरून काढावी लागेल. म्हणून शूने परतताना कोठे थांबायचे हे ठरवणारा एक टेकू बॅक प्लेटवर दिलेला असतो. विलिसच्या रचनेत तो टेकू म्हणजे मध्यबिंदूपासून सरकवून घडवलेली एक चकती असते. तिचा बोल्ट बॅक प्लेटच्या मागे बाहेर आलेला असतो. बोल्ट फिरवला की चकतीची फुगीर बाजू शूकडे येते आणि शू ड्रमच्या जवळ सरकतो. या चकतीला यापुढे कॅम म्हणू. लायनर झिजत जातो तसतसा हा कॅम फिरवत जाणे, हीच ब्रेकची जुळवणी. नंतरच्या काळातल्या अनेक गाड्यांत हे काम आपोआप होते. या जुन्या गाड्यांत ते माणसाने पाना घेऊनच करावे लागते, आणि केले नाही तर कोणीच करत नाही.

अर्ध्या मिलीमीटरचा हिशेब

लायनर आणि ड्रम यांच्यातले अंतर डोळ्याला दिसतही नाही इतके लहान असते, मग त्याने पेडल एवढे खाली कसे जाईल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर आकड्यांत मिळते.

विलिसच्या मूळ रचनेत मास्टर सिलिंडरचा व्यास १ इंच, पुढच्या व्हील सिलिंडरचा १ इंच आणि मागच्याचा पाऊण इंच आहे. १ इंच व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ५.०७ चौरस सेंटिमीटर आणि पाऊण इंचाच्या पिस्टनचे सुमारे २.८५ चौरस सेंटिमीटर होते. चार चाकांत मिळून आठ पिस्टन आहेत, चार मोठे आणि चार लहान. त्या सगळ्यांचे क्षेत्रफळ मिळवले तर ३१.७ चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते. आता झीज होऊन प्रत्येक पिस्टनला पूर्वीपेक्षा फक्त अर्धा मिलीमीटर जास्त सरकावे लागते असे धरू. तेवढ्यासाठी सुमारे १.६ घन सेंटिमीटर ऑइल जास्त ढकलावे लागेल. ते ढकलण्यासाठी मास्टर सिलिंडरचा पिस्टन ३ मिलीमीटरहून थोडा अधिक सरकला पाहिजे. पेडलच्या दांड्याची लांबी अशी ठेवलेली असते की पाय मास्टरच्या पिस्टनच्या कित्येक पट अंतर जातो. ते प्रमाण पाचपट धरले तर पेडल दीड सेंटिमीटर अधिक खाली जाते. अंतर एक मिलीमीटरने वाढले तर तीन सेंटिमीटर. पेडलची एकूण चाल मर्यादित असल्यामुळे, त्यानंतर ते पायाखालच्या फळीला टेकायला फार काही उरत नाही.

म्हणजे पेडलची खोली हे आठ पिस्टनांच्या आठ अंतरांच्या बेरजेचे माप आहे. त्यातले एखादे अंतर फार मोठे आणि बाकीची ठीक असली तरी पेडल खालीच जाईल, आणि पायाला ते कोणत्या चाकाचे आहे हे कळणार नाही. म्हणूनच एका चाकाची जुळवणी करून पेडल वर आले यावर समाधान मानणे घातक आहे. दाब सर्व सिलिंडरांत सारखाच पोचतो हा पास्कलचा नियम खरा आहे, पण सगळे शू ड्रमला टेकल्यावरच तो दाब वाढू लागतो. असमान अंतर असलेल्या गाडीत काही चाके आधी धरतात, काही उशिरा, आणि तेवढ्या क्षणात गाडी एका बाजूला ओढते.

पुढचा शू आणि मागचा शू सारखे काम करत नाहीत

दाराखाली लाकडी पाचर सारली आणि दार त्या दिशेने आणखी ढकलले, तर पाचर जास्तच रुतते. दार उलट दिशेने ओढले तर ती सैल होते. ड्रमच्या आत हेच घडते. गाडी पुढे जात असताना पुढच्या बाजूचा शू ड्रमच्या फिरण्यामुळे स्वतःच भिंतीकडे ओढला जातो आणि पायाने दिलेल्या जोरापेक्षा जास्त जोराने दाबला जातो. मागच्या बाजूच्या शूला तेच फिरणे भिंतीपासून दूर ढकलत असते, म्हणून त्याचे काम कमी होते. गाडी मागे घेताना दोघांच्या भूमिका बदलतात.

यातून दोन गोष्टी समजतात. एक म्हणजे, बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा, नसलेल्या या जड गाडीला माणसाचा पाय थांबवू शकतो तो या गुणामुळे. दुसरी अशी, की पुढच्या शूचे अंतर थोडे जरी बिघडले तरी त्या चाकाची पकड खूप बदलते, कारण तेथे कमी-जास्तपणाही वाढूनच उमटतो. विलिसच्या ९ इंची ब्रेकमध्ये याच कारणाने पुढच्या शूचा लायनर लांब आणि मागच्याचा आखूड असतो. ज्या गाड्यांत दोन्ही शू खाली एकमेकांना जोडलेले असतात आणि एक शू दुसऱ्याला ढकलतो, त्या रचनेत मात्र लांब लायनर मागच्या शूला असतो. लायनर बदलताना एका रचनेची सवय दुसऱ्या रचनेला लावली गेली, तर कितीही जुळवणी केली तरी ब्रेक ठीक होत नाही. ड्रम उघडलाच असेल तर हे आधी पाहावे.

आधी निदान, मग पाना

अंतर वाढल्यामुळे पेडल खाली जाते, तसेच ते इतर कारणांनीही जाते, आणि त्या कारणांवर जुळवणी हा उपाय नाही. फरक ओळखण्यासाठी गाडी उभी असताना पायानेच परीक्षा करता येते. पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, पण लगेच दुसऱ्यांदा दाबले तर उंचावर येऊन दगडासारखे घट्ट लागते, तर दोष अंतराचा आहे: पहिल्या दाबाने शू बाहेर आलेले असतात आणि ते पूर्ण परतण्याआधीच दुसरा दाब आलेला असतो. पेडल वर येऊनही रबरासारखे दबत असेल तर नळ्यांत हवा आहे आणि ती काढावी लागेल. पेडल घट्ट लागते, पण पाय तसाच रोवून ठेवला की हळूहळू खाली बसत जाते, अशा वेळी कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरमधली रबरे निकामी झाली आहेत. ही शेवटची अवस्था असेल तर गाडी जागची हलवू नये.

त्यानंतर ऑइलची पातळी पाहावी. सीजे-३बी मध्ये मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फळीच्या खाली असतो. तेथे हात पोचवणे अवघड असल्यामुळे त्याच्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते. पातळी बरीच उतरली असेल आणि लायनर फारसे झिजलेले नसतील, तर गळती शोधल्याशिवाय नुसते ऑइल ओतू नये. चारही चाकांच्या बॅक प्लेटच्या खालच्या कडेला ओल आहे का, हे बोट लावून पाहावे. मागच्या चाकाजवळची ओल काही वेळा ब्रेक ऑइलची नसून एक्सलच्या ऑइल सीलमधून आलेल्या गिअर ऑइलची असते. दोन्हींपैकी काहीही लायनरवर गेले असेल तर तो लायनर बदलावाच लागतो. पेट्रोलने धुऊन किंवा पॉलिश पेपरने घासून तो पूर्ववत होत नाही. आणि एका चाकाचा लायनर बदलला तर त्याच एक्सलवरच्या दुसऱ्या चाकाचाही बदलावा.

चाक उचलून वर-खाली धरून हलवल्यावर ढिलेपणा जाणवला, तर व्हील बेअरिंग आधी घट्ट करावे, कारण डुलणाऱ्या ड्रमच्या आत कोणतेही अंतर कायम राहू शकत नाही.

गाडी उचलताना हँडब्रेकवर भिस्त नको

विलिस घराण्याच्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) मागे, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर बसवलेला असतो. चारही चाके जमिनीवर असताना तो गाडी चांगली धरून ठेवतो. मागचे एक चाक जॅकने उचलले की मात्र त्याचा उपयोग संपतो. मागच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतो, आणि शाफ्ट पक्का धरलेला असला तरी एक चाक पुढे आणि दुसरे मागे फिरायला तो मोकळीक देतो. जमिनीवरचे चाक गडगडू लागले तर उचललेले चाक हवेत उलटे फिरते, आणि शाफ्ट जागचा न हलता गाडी जॅकवरून उतरते. गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये असेल तर नुसते गिअरमध्ये ठेवूनही हेच घडते, कारण गिअरसुद्धा शाफ्टलाच धरतो.

भरीस भर म्हणजे, मागच्या चाकाची जुळवणी करताना ते चाक हाताने फिरवून पाहावे लागते, आणि त्यासाठी हँडब्रेक सोडून गाडी न्यूट्रलमध्येच ठेवावी लागते. म्हणून सपाट आणि टणक जमीन, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी घट्ट बसवलेल्या लाकडी उटी (चाक अडवणारे ठोकळे), आणि जॅकच्या जोडीला एक्सलखाली पक्का स्टँड, या तीन गोष्टींशिवाय काम सुरू करू नये. विटा रचून त्यावर एक्सल टेकवण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. वीट दाबाखाली पूर्वसूचना न देता फुटते, म्हणून ती पद्धत सोडून द्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ड्रम उघडणार असाल तर आणखी एक काळजी घ्यावी. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे, आणि आतली काळी धूळ फुप्फुसात गेली तर ती अनेक वर्षांनी प्राणघातक आजार देऊ शकते. हवेच्या नळीने ती धूळ उडवू नये. नाकातोंडावर चांगला मास्क बांधून ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके बंद पिशवीत टाकून द्यावे.

प्रत्यक्ष जुळवणी

ब्रेक गार असतानाच हे काम करायचे असते. सर्वप्रथम पेडलची मोकळी चाल पाहावी: हाताने पेडल दाबले असता जोर लागू लागण्याआधी ते साधारण अर्धा इंच सहज खाली गेले पाहिजे. ही चाल नसेल तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइलला टाकीत परत जाण्याचे बारीक छिद्र झाकलेलेच राहते. मग गाडी चालता चालता ऑइल तापून फुगते, त्याला वाट मिळत नाही आणि ब्रेक आपोआप लागू लागतात. मोकळी चाल ठीक केल्याशिवाय चाकांकडे वळले तर पुढचे सर्व कष्ट वाया जातात.

आता एक चाक उचलावे. बॅक प्लेटच्या मागे वरच्या भागात दोन बोल्ट दिसतील, एक पुढच्या शूचा आणि एक मागच्या शूचा. वर्षानुवर्षे चिखल आणि गंज बसलेला असेल तर तारेच्या ब्रशने घासून, गंज सोडवणारे तेल लावून काही तास थांबावे. घाईने जोर लावल्यास बोल्टाच्या कडा झिजतात किंवा तो तुटतो. पुढच्या शूपासून सुरुवात करावी. एका पान्याने कॅमचा बोल्ट धरून दुसऱ्या पान्याने लॉक नट सैल करावा, आणि मग कॅम गाडीच्या पुढच्या दिशेने फिरवत, दुसऱ्या हाताने चाक फिरवत राहावे. शू ड्रमला टेकला की चाक जड होते आणि घासल्याचा आवाज येतो. तेथून कॅम थोडा उलटा घ्यावा, चाक मोकळे फिरू लागेपर्यंतच, त्याहून जास्त नाही. त्या जागी बोल्ट हलू न देता लॉक नट आवळावा. मागच्या शूसाठी हेच करायचे, फक्त कॅम गाडीच्या मागच्या दिशेने फिरवायचा.

लॉक नट आवळताना कॅम किंचित फिरतो आणि केलेले काम बिघडते, म्हणून नट आवळल्यावर चाक पुन्हा फिरवून पाहणे अत्यावश्यक आहे. दोन्ही शू झाल्यावर कोणाला तरी पेडल दोन-तीन वेळा जोराने दाबायला सांगावे, म्हणजे शू आपापल्या जागी बसतात. त्यानंतर पुन्हा तपासावे. बहुधा एखादा शू थोडा जवळ आणावा लागतो. अशा रीतीने चारही चाके करावीत.

मागचे चाक फिरवताना त्याच्याबरोबर डिफरन्शियल आणि शाफ्टही फिरतात, त्यामुळे ते पुढच्या चाकापेक्षा जड वाटणारच. त्या जडपणाला ब्रेकचे घासणे समजून शू जास्त मागे घेण्याची चूक सहज होते. गिअरमुळे येणारा जडपणा पूर्ण फेऱ्यात एकसारखा असतो आणि त्यात घासल्याचा आवाज नसतो. एका फेऱ्यात एकाच जागी घासत असेल, तर ड्रम गोल राहिलेला नाही. तो लेथवर टर्निंगला द्यावा लागेल, आणि तेथे व्यासाची मर्यादा पाळली पाहिजे. विलिसच्या ड्रममधून व्यासावर ०.०६० इंचापेक्षा, म्हणजे सुमारे दीड मिलीमीटरपेक्षा जास्त धातू काढू नये. त्याहून पातळ केलेला ड्रम तापल्यावर वाकतो आणि तडकू शकतो.

काही फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांत कॅमऐवजी दातेरी चाक असते. बॅक प्लेटच्या खाचेतले रबरी बूच काढून स्क्रू ड्रायव्हरने त्याचे दात सरकवायचे असतात. तत्त्व तेच आहे. डाव्या-उजव्या बाजूला दात सारखे मोजून सरकवण्यापेक्षा दोन्ही चाकांचे घासणे सारखे झाले आहे का हे पाहावे, कारण दोन्ही बाजूंची झीज सारखी झालेली नसते.

खालच्या पिना केव्हा हलवाव्यात

शू ज्या खालच्या पिनांवर खिळलेले असतात, त्या पिनाही विलिसच्या रचनेत मध्यबिंदूपासून सरकवून घडवलेल्या असतात आणि फिरवता येतात. नवे लायनर बसवल्यावर शूचे खालचे टोक ड्रमपासून योग्य अंतरावर आणण्यासाठी त्यांचा उपयोग आहे. कंपनीच्या माहितीप्रमाणे पिनेकडच्या टोकाला ०.००५ इंच आणि पिस्टनकडच्या टोकाला ०.००८ इंच अंतर हवे, म्हणजे अनुक्रमे मिलीमीटरचा आठवा आणि पाचवा हिस्सा. हे फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनीच मोजता येते. नेहमीच्या जुळवणीत मात्र या पिनांना हात लावू नये. एकदा त्या हलल्या की लायनरचा मधला किंवा टोकाचा भागच ड्रमला टेकू लागतो, पकड बरीच उतरते, आणि वरचे कॅम कितीही फिरवले तरी पेडल मऊच राहते. त्या पूर्वी कोणी चुकीच्या फिरवून ठेवल्या असतील, तर लायनरवरची चमक पाहून कळते: पूर्ण लांबीवर सारखी घासलेली खूण दिसली पाहिजे.

थोडे घट्टच ठेवले तर काय बिघडते

पेडल उंच मिळावे म्हणून शू किंचित घासत ठेवावेत, लायनर झिजेल तसे ते मोकळे होतील, असा युक्तिवाद केला जातो. त्याला माझा ठाम विरोध आहे, कारण झीज होण्याच्या आधी उष्णता होते. सतत घासणारा शू ड्रमला तापवतो, तापलेला ड्रम व्हील सिलिंडरला तापवतो आणि तेथून ऑइल तापते. डॉट ३ प्रतीचे नवे ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि पाणी मुरल्यावर त्याचा उत्कलनबिंदू १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. कोकणात एक-दोन पावसाळे काढलेल्या गाडीत ही शक्यता दूरची नाही. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल विनासायास फळीला टेकते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे, हा आग्रह यासाठीच असतो.

अंतर योग्य असतानाही घाटात पेडल खाली जाऊ लागते, आणि त्याचे कारणही उष्णताच आहे. ९ इंची म्हणजे २२९ मिलीमीटर व्यासाचा बिडाचा ड्रम २०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास सुमारे अर्ध्या मिलीमीटरने वाढतो. प्रत्येक बाजूला पाव मिलीमीटर अंतर वाढले, म्हणजे गार असताना ठेवलेल्या अंतराइतकेच आणखी अंतर पडले. त्याच वेळी तापलेल्या लायनरचे घर्षणही कमी होते. आधीच सैल असलेल्या ब्रेकला ही वाढ परवडत नाही, आणि आधीच घासणारा ब्रेक घाटाच्या तोंडाशी तापलेलाच येतो. वरंधा किंवा आंबा घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाला वेग धरू देणे, आणि ब्रेक थोड्या वेळापुरता पण जोराने लावून पूर्ण सोडणे, हा चालकाच्या हातातला भाग आहे. जीपला लो रेंज, म्हणजे गाडी फार हळू पण जोराने चालवणारे जादा गिअर, दिलेला आहे, पण डांबरी घाटासाठी तो गरजेचा नसतो. दुसरा गिअर पुरतो.

दोनदा पेडल मारले की ब्रेक लागतो, मग हरकत काय

हरकत अशी, की अडचणीच्या क्षणी दुसरा दाब देण्याइतका वेळ नसतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. शिवाय या जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा असतो आणि चारही चाकांना एकच जाळे ऑइल पुरवते. नव्या गाड्यांत दोन स्वतंत्र जाळी असल्यामुळे एक फुटले तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. येथे एक नळी फुटली की चारही चाकांचा पायब्रेक जातो. अंतर वाढलेल्या ब्रेकमध्ये व्हील सिलिंडरचे पिस्टन त्यांच्या नेहमीच्या जागेपेक्षा बरेच बाहेर येतात, गंजलेल्या भागावरून रबर घासते आणि गळतीला सुरुवात होते. बूस्टर बसवूनही हे टळत नाही. बूस्टर पायाचा जोर वाढवतो; मोकळी जागा भरायला लागणारे ऑइल तेवढेच राहते.

सरळ डिस्क ब्रेक का बसवू नयेत

डिस्क ब्रेक स्वतःहून जुळत राहतात, उष्णता लवकर बाहेर टाकतात आणि पाण्यातून निघाल्यावर लगेच कोरडे होतात. हे त्यांचे खरे फायदे आहेत आणि ज्याला परवडेल त्याने विचार जरूर करावा. पण डिस्कमध्ये पाचरीसारखा रुतण्याचा गुण नसतो, त्यामुळे तेवढ्याच पायाच्या जोरात ती कमी धरते आणि बूस्टरची गरज पडते. ड्रमसाठी बनवलेल्या अनेक मास्टर सिलिंडरांत नळ्यांत थोडा दाब शिल्लक ठेवणारी झडप असते. तीच डिस्कला जोडली तर पॅड कायम घासत राहतात. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असताना दोन्हींचा समतोल साधला नाही, तर मागची चाके आधी अडकून गाडी फिरू शकते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या फेरफारांविषयी आहे, म्हणून असा बदल करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. नीट जुळवलेले, कोरडे, गळती नसलेले ड्रम ब्रेक या गाडीच्या मूळ वेगाला पुरेसे आहेत, असे माझे मत आहे. तिच्यावर मोठे टायर आणि दुप्पट ताकदीचे इंजिन चढवले असेल तर मात्र ते लागू होत नाही.

काम झाल्यावर

पहिली चाचणी रिकाम्या, सरळ आणि सपाट रस्त्यावर, ताशी २०-३० किलोमीटरवर घ्यावी. स्टिअरिंग हलके धरून ब्रेक लावावा. गाडी डावीकडे ओढली तर डावे चाक जास्त धरते आहे किंवा उजवे कमी. टायरमधली हवा दोन्हीकडे सारखी असल्याची खात्री करून मगच कॅमकडे वळावे. चार-पाच किलोमीटर ब्रेकचा फारसा वापर न करता चालवून थांबल्यावर प्रत्येक ड्रमजवळ तळहात नेऊन उष्णता अजमावावी, पण थेट स्पर्श करू नये. एखादा इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर त्याचा शू घासतो आहे, किंवा त्याच्या व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकला आहे. कॅम थोडा सैल करूनही तो तापतच राहिला तर सिलिंडर उघडावा लागेल.

ओढ्यातून किंवा भाताच्या खाचरातून गाडी काढली असेल तर ड्रममध्ये पाणी शिरते आणि पहिले काही दाब जवळपास निकामी जातात. बाहेर आल्यावर हळू चालवत पेडल हलके दाबून ठेवावे, म्हणजे घर्षणाने लायनर कोरडे होतात. चारही चाके एकाच वेळी कोरडी होत नाहीत, म्हणून त्या दरम्यान गाडी कोणत्याही बाजूला ओढू शकते. चिखल आत गेला असेल तर तो वाळून लायनर आणि ड्रम दोन्हींना कुरतडतो. पावसाळा संपल्यावर एकदा चारही ड्रम उघडून आत साफ करणे शेतावर चालणाऱ्या जीपसाठी आवश्यक धरावे.

नवे लायनर बसवले असतील तर ते पहिल्या काही शे किलोमीटरांत ड्रमच्या आकाराला घासून बसतात आणि अंतर झपाट्याने वाढते. पेडल पुन्हा खाली गेले म्हणून काम बिघडले असे समजू नये. त्या टप्प्यावर वरचे कॅम एकदा पुन्हा जुळवावेत, आणि त्यानंतर पेडलची उंची बदलेल तेव्हा.